उद्योगांच्या बातम्या कशा वाचाव्यात : कशेळे परिसरातील लहान व्यावसायिकांसाठी

वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर येणाऱ्या बातम्या, मग ती एखाद्या नामांकित खाद्यपदार्थावरील बंदी असो, तरुण तंत्रज्ञान कंपनीचे दिवाळे असो किंवा परदेशी फॅशनसंस्थेने देशी कारागिरीची केलेली उचल असो, बहुधा मुंबई-बंगळूरच्या गुंतवणूकदारांना समोर ठेवून लिहिलेल्या असतात. त्यामुळे कर्जत-मुरबाड रस्त्यावरील कशेळ्यासारख्या गावात किराणा दुकान, भातगिरणी, कृषी पर्यटन केंद्र, भोजनालय किंवा बचत गटाचा पापड-लोणच्यांचा उद्योग चालवणाऱ्यांना त्या बातम्या आपल्यासाठी नाहीत असे वाटते, आणि ही समजूत त्यांचे नुकसान करते. मोठ्या कंपनीच्या हातून घडणारी चूक आणि लहान व्यावसायिकाच्या हातून घडणारी चूक यांची जात बहुतेक वेळा एकच असते. फरक इतकाच, की मोठ्या कंपनीपाशी वकील, राखीव निधी आणि सवलत देणारे सावकार असतात, तर लहान व्यावसायिकापाशी एक हंगाम असतो आणि तो हातचा गेला की पुढच्या हंगामापर्यंत थांबण्याइतके बळ त्याच्याजवळ उरत नाही. म्हणूनच दुसऱ्याच्या खर्चाने मिळणारे शिक्षण लहान व्यावसायिकाने अधिक काळजीपूर्वक घेतले पाहिजे.

हे शिक्षण घेण्याची एक सोपी रीत आहे. उद्योगाविषयीची कोणतीही बातमी वाचताना, या धंद्यातील कोणती गोष्ट दुसऱ्याच्या हाती होती आणि ती दुसऱ्याच्या हाती आहे हे चालकाला वेळेवर कळले होते का, असा प्रश्न विचारावा. आणि उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न आपल्या धंद्याला लावावा. नफा, तोटा, भागभांडवल, मूल्यांकन हे शब्द त्यानंतर येतात. मूल्यांकन म्हणजे एखाद्या कंपनीचा थोडा हिस्सा गुंतवणूकदाराने ज्या दराने घेतला, त्या दराने संपूर्ण कंपनीची मांडलेली किंमत. ती विक्रीतून आलेली रोकड नसते, आणि हा भेद लक्षात ठेवला तर बातम्यांतील अर्ध्याहून अधिक मोठे आकडे आपोआप आपल्या जागी बसतात.

गिऱ्हाईक कोणाच्या हाती

परावलंबनाचे सर्वांत जवळचे उदाहरण कर्जत स्थानकावर आहे. बोरघाटाची चढण १ : ३७ इतकी तीव्र असल्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात, त्यासाठी गाडी काही मिनिटे थांबते आणि त्या थांब्यावर कर्जतचा बटाटावडा, विशेषतः दिवाडकरांचा वडा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रवाशांच्या तोंडी बसला. चव, ताजेपणा आणि फलाटावरील तत्परता हे विक्रेत्यांचे स्वतःचे गुण होत. गाडीचे थांबणे मात्र रेल्वेच्या तांत्रिक गरजेतून आलेले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत ही गाडी जादा इंजिनाशिवाय घाट चढते. तंत्रज्ञान बदलले की थांबा बदलतो, आणि थांबा बदलला की ज्याचे गिऱ्हाईक केवळ थांब्यामुळे येत होते त्याचा धंदा हलतो; ज्याचे नाव लोकांच्या लक्षात राहिले आहे, त्याच्याकडे लोक वाट वाकडी करूनही येतात. कशेळ्यातील ज्या व्यावसायिकाची विक्री खांडसमार्गे भीमाशंकरला किंवा आंबिवलीमार्गे कोथळीगडाला जाणाऱ्या भटक्यांवर अवलंबून आहे, त्यानेही आपले गिऱ्हाईक आपल्यामुळे येते की आपण रस्त्याच्या कडेला आहोत म्हणून येते, याचा निवाडा प्रामाणिकपणे करायला हवा. पावसाळ्यात अपघात टाळण्यासाठी प्रशासन या तालुक्यातील धबधब्यांवर बंदीचे आदेश काढते आणि शनिवार-रविवारची गर्दी एका कागदाने थांबते. आदेश योग्य असतो, त्यात जीव वाचतात. परंतु ज्या भोजनालयाची वर्षाची मिळकत जुलै-ऑगस्टच्या आठ-दहा शनिवार-रविवारी गोळा होते, त्याने बंदीचे दिवस गृहीत धरूनच वर्षाचा हिशेब मांडला पाहिजे.

निवासव्यवस्था देणाऱ्यांसाठी हाच मुद्दा अधिक निकडीचा आहे, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाचा रस्ता आता डांबराचा राहिलेला नसून मोबाइलवरील नोंदणी-मंचांतून जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो या समूहाला २२३.४८ कोटी रुपयांचा आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावणारा आदेश दिला. त्या प्रकरणाच्या मुळाशी असलेली एक संकल्पना प्रत्येक फार्महाऊसचालकाने समजून घ्यावी, ती म्हणजे दरसमानतेची अट : मंचावर जो दर दाखवला आहे त्यापेक्षा कमी दराने हॉटेलचालकाने अन्यत्र, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही, खोली देऊ नये असा करार. या अटीचा अर्थ असा, की मंचाला द्यावी लागणारी दलाली वाचवून ती सवलत थेट येणाऱ्या पाहुण्याला देण्याचा मार्ग बंद होतो आणि पाहुणा कायमचा मंचाचा राहतो. आयोगाने मोठ्या मंचांच्या बाबतीत अशा अटींना आळा घातला. तरीही लहान चालक करार न वाचता सही करतो आणि मग आपल्याच दारात आलेल्या माणसाला दर सांगताना बिचकतो.

यावर उपाय असा, की मंचाचा उपयोग नव्या पाहुण्यापर्यंत पोहोचण्यासाठी करावा, परंतु आलेल्या प्रत्येक पाहुण्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक त्याच्या संमतीने स्वतःच्या वहीत घ्यावा आणि पुढचे निमंत्रण स्वतः पाठवावे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात लावलेली पोपटी, आषाढातील भातलावणी, वैशाखातील करवंदे आणि जांभळे, या गोष्टींचे निमंत्रण कोणताही मंच आपणहून देत नाही. नेरळचा सगुणा बाग हा चंद्रशेखर भडसावळे यांनी उभा केलेला प्रकल्प याच तालुक्यात आहे, आणि शेती हीच पाहण्यासारखी वस्तू असू शकते हे त्याने कृषी पर्यटन हा शब्द रूढ होण्याच्या आधीपासून दाखवून दिले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले असून त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. ज्यांचा व्यवसाय खरोखर शेतीशी जोडलेला आहे, त्यांनी ती करून घ्यावी, कारण बँकेपुढे आणि शासकीय कार्यालयापुढे धंद्याला कागदावरचे अस्तित्व मिळते.

दुकानदाराच्या गल्ल्याची गोष्ट थोडी निराळी आहे. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्च २०२४ नंतर त्या बँकेतील खात्यांत नवी रक्कम स्वीकारणे बंद झाले. ज्या दुकानदारांच्या भिंतीवरचा चौकोनी संकेत, म्हणजे क्यूआर कोड, अन्य बँकेतील खात्याशी जोडलेला होता त्यांचे व्यवहार चालू राहिले. ज्यांचे पैसे त्याच बँकेच्या खात्यात जमा होत होते त्यांना धावपळ करावी लागली. दुकानातील कोड कोणत्या बँकेतील कोणत्या खात्याशी जोडला आहे हे अनेक दुकानदारांना आजही सांगता येत नाही, कारण तो कोड कंपनीचा प्रतिनिधी येऊन चिकटवून गेलेला असतो. प्रत्येकाने ते शोधून काढावे, जमा होणारे खाते राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा मध्यवर्ती बँकेतील असावे, दुसऱ्या सेवेचा एक कोड तयार ठेवावा आणि दोन दिवसांच्या खरेदीपुरती रोख रक्कम गल्ल्यात असू द्यावी. पावसात वीज आणि मोबाइलचे जाळे दोन्ही जाणाऱ्या गावांत ही शेवटची सूचना अनावश्यक वाटू नये.

पैसा कोणाचा आणि केव्हाचा

नवउद्यम, म्हणजे स्टार्टअप, ही नवी कल्पना बाहेरच्या भांडवलावर वेगाने वाढवू पाहणारी कंपनी असते. तिच्यात सुरुवातीची काही वर्षे तोटा सोसून ग्राहक मिळवायचे आणि बाजार ताब्यात आल्यावर नफा काढायचा, असा विचार असतो. हा विचार सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो दुसऱ्याच्या पैशावर उभा असल्यामुळे तो पैसा थांबला की कंपनीला स्वतःच्या पायावर उभे राहण्यास वेळ मिळत नाही. बायजूज या शिक्षण कंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरवर गेले होते. तिने २०२० मध्ये व्हाइटहॅट ज्युनियर ही मुंबईची कंपनी ३० कोटी डॉलरना घेतली, २०२१ मध्ये आकाश ही शिकवणी संस्था जवळपास एक अब्ज डॉलरना घेतली, त्याच वर्षी १.२ अब्ज डॉलरचे कर्ज उभारले, आणि जुलै २०२४ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. एवढ्या मोठ्या इमारतीला खाली ओढणारी रक्कम तिच्या उंचीच्या मानाने अगदी लहान होती, हे या प्रकरणातील सर्वांत बोलके सत्य आहे.

त्याहून महत्त्वाचा भाग हिशेबाचा आहे. मार्च २०२१ मध्ये संपलेल्या वर्षाचे ताळेबंद कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात ४,५८८ कोटी रुपयांचा तोटा दिसला, आणि जून २०२३ मध्ये डेलॉइट या लेखापरीक्षकांनी ताळेबंद वेळेवर न मिळाल्याचे कारण देत राजीनामा दिला. विलंबाच्या मुळाशी एक प्रश्न होता : विद्यार्थ्याने अनेक महिन्यांच्या शिकवणीचे शुल्क आगाऊ भरले, तर ते सगळे आजचे उत्पन्न मानायचे, की जसजशी शिकवणी दिली जाईल तसतसे ते उत्पन्नात घ्यायचे? लेखाशास्त्राचे उत्तर दुसरे आहे, कारण न दिलेल्या सेवेचे पैसे ही मिळकत नसून देणे असते.

हा प्रश्न कशेळ्यात दर वर्षी मे महिन्यात उभा राहतो. पावसाळ्यातील आणि वर्षअखेरीच्या मुक्कामांसाठी फार्महाऊसचालक आगाऊ रक्कम घेतो, मंगल कार्यालयाचा मालक पुढच्या लग्नसराईचा विसार घेतो, आणि तो पैसा हाती आला की छत दुरुस्ती, नवी गाडी किंवा घरातील कार्य यांत तो खर्च होतो. मग बंदीचा आदेश आला, दरड कोसळून रस्ता बंद झाला किंवा घरात काही घडले, तर परत देण्यासाठी पैसे नसतात. आगाऊ आलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, सेवा दिल्यावरच ती धंद्याच्या खात्यात वळती करावी, आणि नोंदणी रद्द झाल्यास किती रक्कम केव्हा परत मिळेल हे पावतीवर मराठीत छापावे. इतकी साधी शिस्त पाळली तर दहा खोल्यांचा चालक अब्जावधींच्या कंपनीपेक्षा हिशेबात अधिक सचोटीचा ठरतो, आणि ही अतिशयोक्ती नाही.

कर्जाच्या बाबतीत जेन्सोल आणि ब्लूस्मार्ट यांचे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे. ब्लूस्मार्ट ही विजेवर चालणाऱ्या टॅक्सींची सेवा होती आणि तिच्या गाड्यांचा मोठा भाग जेन्सोल इंजिनिअरिंग ही कंपनी भाड्याने पुरवत असे. दोन्हींचे प्रवर्तक समान होते. एप्रिल २०२५ मधील सेबी या शेअर बाजार नियामकाच्या अंतरिम आदेशानुसार ६,४०० गाड्यांसाठी ६६३.८९ कोटी रुपयांचे कर्ज घेण्यात आले, प्रत्यक्षात ४,७०४ गाड्याच खरेदी झाल्या आणि २६२.१३ कोटी रुपयांचा हिशेब लागला नाही. पुण्याजवळ चाकण येथील विद्युत वाहन कारखान्याला शेअर बाजाराच्या अधिकाऱ्याने भेट दिली तेव्हा तेथे उत्पादन चालू नव्हते आणि दोन-तीन कामगारच दिसले, असेही त्या आदेशात नमूद आहे. आदेशानंतर अवघ्या दोन दिवसांत टॅक्सीसेवा थांबली. सेवा चांगली असल्याचे अनेक प्रवासी सांगत होते. परंतु एका कामासाठी घेतलेले कर्ज दुसरीकडे वळवल्याचा ठपका आला की चांगली सेवाही बुडते. पीककर्जातून लग्न, यंत्रासाठीच्या कर्जातून घराचा मजला, बचत गटाच्या कर्जातून घरातल्या माणसाची उधारी, हे प्रकार गावोगाव घडतात आणि त्यामागे बहुधा लबाडी नसून नड असते. परंतु हप्ता सुरू होतो तेव्हा यंत्र नसते, उत्पादन नसते आणि नड तशीच असते. कर्जाची रक्कम शक्यतो विक्रेत्याच्या खात्यात थेट जावी असा आग्रह कर्जदारानेच धरावा, कारण त्यामुळे मोहही टळतो आणि नातेवाइकांना नाही म्हणण्याची अडचणही टळते.

बाहेरच्या पैशाला पर्याय काय, या प्रश्नाचे उत्तर याच मातीत सापडते. हुतात्मा भाई कोतवाल यांनी सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी बलिदान करण्यापूर्वीच्या काळात, सावकारीने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी या परिसरात धान्यकोठीचे काम हाती घेतले होते; पुढील काळात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या. धान्य बँकेची रीत अशी, की आषाढ ते भाद्रपद या ओढीच्या महिन्यांत घरातील कणगी रिकामी झाल्यावर सभासद कोठीतून भात घेतो आणि पीक आल्यावर थोडी वाढ घालून भातच परत करतो. सावकाराच्या दीडपट-दुप्पट परतफेडीऐवजी ही वाढ वाडीच्याच कोठीत राहते आणि पुढच्या वर्षी कोठी थोडी मोठी होते. अर्थशास्त्र ज्याला खेळते भांडवल म्हणते, म्हणजे विक्रीचे पैसे येईपर्यंत धंदा चालू ठेवण्यासाठी लागणारी रक्कम, त्याचा हा नमुना आहे. त्यात वाढीचा वेग मंद असतो, परतफेड हंगामाला जुळलेली असते आणि देणारा-घेणारा एकमेकांना ओळखतात. बचत गटांची अंतर्गत कर्जे याच तत्त्वावर चालतात, आणि उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील ज्या गटांचा अंतर्गत निधी नियमित फिरतो त्यांनी त्याकडे केवळ सरकारी योजनेचा भाग म्हणून पाहू नये. मसाला, पापड किंवा नाचणीचे पदार्थ करणाऱ्या गटाने किमान तीन महिन्यांचा कच्चा माल स्वतःच्या निधीतून घेता येईल इतकी कोठी आधी भरावी आणि यंत्रासाठीच्या कर्जाचा विचार त्यानंतर करावा. हा क्रम उलटा झाल्यामुळे बंद पडलेली यंत्रे अनेक गावांत धूळ खात आहेत.

नाव, लेबल आणि दावा

जून २०१५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मॅगी नूडल्सची विक्री थांबवली. शिशाचे प्रमाण हा त्यातील गाजलेला आक्षेप होता, परंतु दुसरा आक्षेप लहान उत्पादकाच्या दृष्टीने जास्त शिकवणारा आहे : वेष्टनावर वेगळे अजिनोमोटो घातलेले नाही अशा आशयाचा मजकूर छापला होता आणि प्राधिकरणाला तो दिशाभूल करणारा वाटला. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला, कारण कंपनीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिलेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्या आवश्यक मान्यता असलेल्या नव्हत्या. नव्याने तपासणी होऊन नोव्हेंबरमध्ये माल पुन्हा दुकानांत आला. मॅगी बनवणाऱ्या नेस्लेपाशी न्यायालयात जाण्याची आणि हजारो टन माल नष्ट करून सुमारे पाच महिने थांबण्याची ताकद होती. बचत गटापाशी ती नसते, म्हणून त्याने सिद्ध करता येणार नाही असा एकही शब्द वेष्टनावर छापू नये.

हा इशारा अलीकडच्या दोन घटनांनी अधिक ठळक केला आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री मंचांना बोर्नव्हिटासारखी पेये आरोग्य पेय या वर्गातून काढण्यास सांगितले, कारण अन्न सुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न प्राधिकरणाने जलसंजीवनीच्या वैद्यकीय सूत्रानुसार न बनवलेल्या पेयांच्या नावात ओआरएस ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. दोन्ही वेळा वादाला तोंड फोडणारी मोठी प्रतिस्पर्धी कंपनी नव्हती. साखरेचे प्रमाण वाचून दाखवणारी एक चित्रफीत आणि एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरची दीर्घ चिकाटी पुरेशी ठरली. नाचणीचे सत्त्व मधुमेह बरा करते, गुळवेलीची पूड सर्व तापांवर चालते, मोहाचे लाडू रक्त वाढवतात, असे दावे प्रदर्शनांतील फलकांवर सर्रास दिसतात. त्यांऐवजी नाचणी कोणत्या वाडीतील आहे, कोणत्या महिन्यात कापली, ती कशी दळली आणि त्यात आणखी काय घातले आहे हे छापावे. शहरातील ग्राहकाला हीच माहिती हवी असते आणि ती खोटी ठरवता येत नाही. अन्न नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक, घटकांची उतरत्या प्रमाणाने यादी, निव्वळ वजन, उत्पादनाची आणि वापराची अंतिम तारीख, तुकडी क्रमांक, कमाल किंमत, शाकाहारी चिन्ह आणि संपर्काचा पत्ता एवढे त्यासोबत असलेच पाहिजे.

तांदळाच्या नावाबाबत कर्जतच्या उत्पादकांनी विशेष दक्ष राहावे. कर्जत येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे असून तेथे निघालेले कर्जत-३ आणि कर्जत-७ यांसारखे वाण कोकणाबाहेरही पोहोचले आहेत. ही या तालुक्याची खरी प्रतिष्ठा आहे. असे असताना येथे पिकलेला बारीक तांदूळ वाडा कोलम म्हणून विकण्याचा मोह पडतो, कारण त्या नावाला दर मिळतो. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे ते नाव विशिष्ट प्रदेशातील आणि विशिष्ट गुणांच्या मालासाठीच वापरता येते, आणि पालघर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी मिळवलेला तो हक्क रायगडच्या व्यापाऱ्याने ओरबाडणे बेकायदा तर आहेच, शिवाय स्वतःच्या तांदळाचा अपमान करणारेही आहे.

मानांकनाने सगळे प्रश्न सुटत नाहीत, हे कोल्हापुरी चपलेने दाखवले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी २०१९ मध्ये या चपलेला मानांकन मिळाले होते. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशनसंस्थेच्या मिलान येथील प्रदर्शनात तशाच धाटणीचे पादत्राण मूळ गावाचा उल्लेख न करता अवतरले, कारण मानांकनाचे कायदेशीर संरक्षण देशाच्या सीमेपर्यंतच असते. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, कारागिरांनी आणि समाजमाध्यमांनी आवाज उठवला, कंपनीने मूळ मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. कायद्याने जे मिळाले नाही ते नावाभोवती एकवटलेल्या समाजाने मिळवले, असे यातून दिसते. कर्जतच्या तांदूळ उत्पादकांनी अथवा कडव्या वालाच्या शेतकऱ्यांनी आधी गट बांधावा, वाण शुद्ध ठेवावा, तीन-चार हंगामांच्या नोंदी जमवाव्यात आणि मगच मानांकनाचा विचार करावा. एकट्या उत्पादकाने आपल्या व्यक्तिगत चिन्हाची, म्हणजे ट्रेडमार्कची, नोंदणी करावी. तांदूळ आणि पिठे तिसाव्या वर्गात, तर निवास-भोजनाची सेवा त्रेचाळिसाव्या वर्गात येते, आणि नोंदणी दहा वर्षे टिकून पुढे वाढवता येते. फार्महाऊसचे नाव गाजल्यावर शेजाऱ्याने तेच नाव लावले, अशा तक्रारींवर हाच सर्वांत सोपा इलाज आहे.

मोठ्या खरेदीदाराशी व्यवहार

२०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडल्यामुळे नाशिकच्या निर्यातदारांवर आणि शेतकऱ्यांवर मोठे संकट आले. त्या काळातून जे टिकले आणि वाढले त्यांत दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचे नाव अग्रणी आहे; विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखालील या शेतकरी उत्पादक कंपनीने कोणत्या पेटीतील माल कोणत्या शेतातून आला हे शोधता येईल अशी व्यवस्था उभी केली, आणि २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी तिच्या कामात ३१० कोटी रुपये घातले. येथे बाहेरचे भांडवल आले, परंतु ते व्यवस्था उभी राहिल्यानंतर आले. उलट जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने झटपट घरपोच माल देणाऱ्या झेप्टो या कंपनीच्या धारावी येथील केंद्राचा, म्हणजे ग्राहकाला प्रवेश नसलेल्या आणि मोबाइलवरील मागणीनुसार माल बांधून देणाऱ्या गोदामाचा, परवाना सुधारणा होईपर्यंत निलंबित केला. बुरशी धरलेले पदार्थ आणि मुदत संपलेला माल ताज्या मालापासून वेगळा न ठेवणे, असे आक्षेप त्यात होते. काही मिनिटांत घरपोच देण्याच्या घाईत कपाटातील मालाची तारीख पाहण्याचे काम मागे पडले, तर तंत्रज्ञान निरुपयोगी ठरते. कशेळ्यातील किराणा दुकानात जुना माल पुढे आणि नवा मागे लावण्याची पद्धत असेल, तर ते दुकान या कसोटीला उतरते.

आदिवासी वाड्यांतील वनोपजाच्या संदर्भात ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. तेथील कातकरी तरुणांच्या वन धन केंद्राने गुळवेल गोळा करून, वाळवून ती औषध कंपन्यांना विकण्याचा उद्योग उभा केला आणि मोठ्या कंपन्यांकडून सुमारे दीड कोटी रुपयांच्या मागण्या मिळवल्या. कर्जत तालुक्यातील वाड्यांना हे साधणे अशक्य नाही. मात्र मोठा खरेदीदार मिळाला की दोन धोके एकदम येतात : जंगलातून गरजेपेक्षा अधिक ओरबाडले जाते, आणि पैसे उशिरा येतात. पहिल्यावर उपाय वाडीनेच ठरवायचा असतो, म्हणजे वेलाचा कोणता भाग घ्यायचा, किती सोडायचा आणि कोणत्या महिन्यात हात लावायचा नाही. दुसऱ्यावर कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते, आणि सुविधा परिषदेकडे त्यासाठी दाद मागता येते. तालुक्यातील रिसॉर्टांना भाजी, पोळी-भाकरी, लोणची किंवा कपडे धुण्याची सेवा पुरवणाऱ्या अनेक महिलांचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात आणि काम जाईल या भीतीने त्या बोलत नाहीत. हक्काची जाणीव असली तर निदान पहिल्या पुरवठ्याच्या वेळीच मुदत लिहून घेता येते.

या संरक्षणासाठी आवश्यक असलेली उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि तिला कोणतेही शासकीय शुल्क नाही. कशेळे परिसरातील ज्या गटांनी आणि व्यावसायिकांनी ती अद्याप केलेली नाही, त्यांनी पुढचा मोठा पुरवठा स्वीकारण्यापूर्वी ती करावी, आणि ज्यांनी ती केली आहे त्यांनी आपल्या प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांक आणि पैसे देण्याची अखेरची तारीख छापून घ्यावी.